पोरांशिवाय पाठ

पोहणं शिकवणाऱ्या मास्तरची निवड कुणी कोरड्या हौदात करतं का? नाही ना? मग शिक्षकाची निवड एकही पोर समोर नसताना कशी काय करतात बुवा?

आपल्याकडे शिक्षकाची नोकरी मिळवायचे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. पहिला पवित्र पोर्टलचा. त्यासाठीची पहिली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी 2017 च्या डिसेंबरात झाली. 200 प्रश्न, 120 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद! त्यातले 120 प्रश्न अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी त्यानंतर मुलाखतही नाही, थेट गुणवत्ता यादी. खासगी अनुदानित संस्थांना मुलाखतीची मुभा आहे. दुसरा रस्ता विनाअनुदानित, बहुधा इंग्रजी शाळांचा. तिथे 'डेमो' घेतात. म्हणजे पहिल्या रस्त्यावर बऱ्याचदा उमेदवाराला शिकवताना कुणी पाहतच नाही, आणि दुसऱ्यावर पाहतात, पण पोरांशिवाय.

माझं गाव मुकुटबन. यवतमाळ जिल्हा, झरी जामणी तालुका, पलीकडे तेलंगणा. आमच्या भागात एकाच वर्गात कुणाच्या घरी कोलामी, कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी तेलुगू, आणि उरलेल्यांच्या घरी वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी यातल्या कुणाचीच नाही. कोलामी तर मराठीची बोलीसुद्धा नव्हे, ती द्राविड कुळातली भाषा. अशा वर्गात शिकवणं म्हणजे काय, हे 36 सेकंदांच्या प्रश्नात कसं कळणार?

माझी आतेबहीण बीएस्सी बीएड. तिला मध्यंतरी एका खासगी शाळेचं बोलावणं आलं. आठवीचा वर्ग, विज्ञान, विषय तुमच्या आवडीचा, वेळ दहा मिनिटं. "दादा, पोरं नाहीत म्हणे. समितीतले लोकच पोरं बनून बसणार!"

तिनं चुनखडीचा पाठ बसवला. गावाजवळ 2022 साली सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला, तेव्हा चुनखडी आमच्या पोरांना परकी नाही. साहित्य काय, तर चुनखडीचा दगड, लिंबू आणि फळ्यावरचा खडू. दगड खरवडून त्यावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायॉक्साइड. मग पोरांना विचारायचं, खडूवर पिळलं तर? बहुतेक पोरं म्हणणार, येतील की, पांढराच तर आहे! पण हल्लीचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्यावर काहीच होत नाही. का नाही? तिचा खरा पाठ तिथून पुढे होता. दिसायला सारखं ते रसायन म्हणून सारखं नव्हे, मग त्या कारखान्याच्या भट्टीत या दगडाचं काय होत असेल... असा.

आता हा पाठ पोरांनी चुकण्यावर उभा आहे. समोर कोट घातलेले चार जण असले की कोण चुकणार? तिसऱ्याच मिनिटाला प्रश्न आला, "मॅडम, पीपीटी नाही का?" निवड दुसऱ्या कुणाची तरी झाली. ती व्यक्ती उत्तम शिकवत असेलही, तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार ही की त्या दहा मिनिटांत ते कुणालाच कळणं शक्य नव्हतं.

अशा मुलाखतीची तयारी करणारे मग काय करतात? पाठ टाचण घोटतात. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. फलकलेखन सुबक, आवाज खणखणीत, स्लाइडवर उडणारी अक्षरं. बीएडला सूक्ष्म अध्यापन असतं, त्यातही वर्गमित्रच विद्यार्थी होतात. गंमत म्हणजे 1960 च्या दशकात स्टॅनफर्डला ही पद्धत निघाली तेव्हा समोर थोडीच, पण खरी मुलं असायची. आपण पद्धत आणली आणि मुलं तिकडेच ठेवून आलो!

आपण आयटीवाले यावर हसू नये. फळ्यावर लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवणारा भिडू प्रॉडक्शन पडल्यावर काय करेल, हे आपल्याला तरी कुठे कळतं? फरक इतकाच, की आपली चुकीची निवड सहा महिन्यांत उघडी पडते. शिक्षकाची तीस वर्षं चालते, आणि तिची किंमत पोरं मोजतात.

आता तुम्ही म्हणाल, पाठाला गुण दिले की वशिला आला, डोनेशन आलं, त्यापेक्षा परीक्षा बरी. मुद्दा खरा आहे. संस्थाचालकांच्या मनमानीला चाप बसावा म्हणूनच तर केंद्रीय भरती आली, आणि ती राहायलाच हवी. पण वजनकाट्यात खोट सापडली म्हणून कुणी धान्य डोळ्यांनी मोजत नाही. काटा दुरुस्त करतात.

श्मिट आणि हंटर यांनी 1998 मध्ये निवड पद्धतींच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यात प्रत्यक्ष काम करून बघण्याची चाचणी सर्वांत वर होती. 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ती खाली आली आणि ठरावीक प्रश्नांची, ठरावीक निकषांची मुलाखत वर गेली. मी यातून एवढंच घेतो की नुसतं काम बघून भागत नाही, काय बघायचं हे आधी ठरवावं लागतं.

तर माझं म्हणणं साधं आहे. परीक्षेनं यादी लावा. मग यादीतल्यांना खऱ्या वर्गावर, खऱ्या पोरांसमोर अर्धा तास उभं करा. घटक सगळ्यांना एकच, आदल्या दिवशी सांगितलेला. निकष लेखी आणि आधी जाहीर केलेले. तीन निरीक्षक, एकमेकांना न विचारता गुण देणारे. पाठाचं चित्रीकरण, म्हणजे तक्रार आली तर पुरावा हाताशी. खर्च होईल, वेळ लागेल, मान्य. पण कारखान्यात माल घेताना सुद्धा नमुना तपासतात.

आणि निकषांत पहिला निकष हा ठेवा: पोरानं चुकीचं उत्तर दिल्यावर शिक्षकानं पुढच्या मिनिटात काय केलं? पीपीटीचे गुण त्यानंतर बघू.