हंगाम कोणाचा?

मंगोलियाच्या राष्ट्रीय फुटबॉल साखळी स्पर्धेचे २०२२-२३ चे विजेतेपद एफसी उलानबातर या संघाने प्रथमच मिळवले. त्याच्या पुढच्याच हंगामात तो मान एसपी फाल्कन्सकडे गेला. हा संघ पूर्वी सेलेंगे प्रेस या नावाने मैदानात उतरत असे. छापखान्याचे नाव मिरवणारा संघ देशाचा अजिंक्यवीर व्हावा, याचे आम्हा वृत्तपत्रव्यवसायातल्या माणसांना थोडे कौतुक वाटले तर वाचकांनी ते क्षम्य मानावे. परंतु कोण जिंकले यापेक्षा ही स्पर्धा कधी खेळली गेली, हा प्रश्न आम्हांस अधिक विचारणीय वाटतो.

उलानबातर ही जगातील सर्वांत थंड राजधानी समजली जाते. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहराचे जानेवारीतील सरासरी तापमान उणे २० अंशांच्याही खाली असते. साहजिकच तेथील साखळी पूर्वी वसंतात सुरू होई आणि शरदात संपे. एका वर्षाचा हंगाम त्याच वर्षात आटोपत असे. आता तो वर्षाच्या उत्तरार्धात सुरू होतो, कडाक्याच्या हिवाळ्यात दीर्घकाळ थांबतो आणि बर्फ ओसरल्यावर पुन्हा चालू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. म्हणजे जेव्हा खेळता येत नाही तो काळ हंगामाच्या मधोमध आला, आणि मैदाने खऱ्या अर्थाने खेळण्याजोगी असतात त्या दिवसांतला मोठा भाग सुटीत गेला.

या बदलाचे मूळ मंगोलियाच्या हवामानात सापडणार नाही. क्वालालंपूर येथे मुख्यालय असलेल्या आशियाई फुटबॉल महासंघाने आपल्या क्लब स्पर्धा २०२३-२४ पासून शरद ते वसंत अशा वेळापत्रकाने घेण्याचे ठरवले. युरोपातील बाजाराशी जुळवून घेणे हा त्यामागील व्यवहार. या निर्णयात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. जुन्या व्यवस्थेत शरदात ठरलेला विजेता पुढच्या आशियाई स्पर्धेपर्यंत गारठून बसे. आता तो ताज्या दमाने जाऊ शकतो. एफसी उलानबातरला २०२३-२४ च्या एएफसी चषकात तैवान आणि मकाव येथील संघांशी खेळण्याची संधी लाभली, ती लहान गोष्ट नव्हे. तथापि एका संघाच्या सोयीसाठी सगळ्या साखळीने आपल्या ऋतूशी वैर धरावे काय, हा प्रश्न उरतोच.

येथे त्या समाजाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. मंगोलियाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख; तीतील जवळजवळ निम्मी राजधानीत एकवटलेली. पशुपालक कुटुंबे आपल्या गेर म्हणजे नमद्याच्या तंबूंसह शहराच्या कडेला येऊन स्थिरावत आहेत. ‘झुद’ नावाचा भीषण हिवाळा त्यांना तिकडे ढकलतो. २०२३-२४ च्या एकाच झुदात सत्तर लाखांहून अधिक गुरे दगावली. अशा देशातील साखळी म्हणायला राष्ट्रीय, पण तिचे बहुतांश संघ आणि सामने राजधानीचे. फिफाच्या विकासनिधीतून उभारलेले तेथील कृत्रिम हिरवळीचे मैदान हाच तिचा मुख्य आधार आहे. कुस्ती, घोडदौड आणि तिरंदाजी हे त्या लोकांचे खरे खेळ. जुलैतील नादाम उत्सव हे त्यांचे वार्षिक पर्व. फुटबॉल हा त्या मानाने शहराचा, शाळेच्या पटांगणाचा खेळ. त्याची ओढ मात्र मोठी! दुखापतीचे कारण सांगून जपानमधील सुमो दौऱ्याला अनुपस्थित राहिलेला महान मंगोलियन मल्ल आसाशोर्यू २००७ मध्ये मायदेशी फुटबॉल खेळताना दिसला आणि दोन स्पर्धांना मुकला, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

राजधानीबाहेरचे नावाजलेले उदाहरण म्हणजे एर्देनेत शहराचा खान्गारिद संघ. एर्देनेत हे तांब्याच्या खाणीवर वसलेले शहर. खाण आणि फुटबॉल यांचे नाते गोमंतकीय वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. खाणउद्योगाच्या बळावर येथील संघांनी देशात नाव कमावले; आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही वरून लादल्या गेलेल्या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा दूरच्या कचेरीत आखलेले वेळापत्रक आणि स्थानिक खेळ यांतील अंतर आपणही अनुभवले. आपला पाऊस आणि त्यांचे हिम, दोन्ही समितीचा ठराव वाचत नाहीत.

मंगोलियाचा संघ दुबळा आहे, हे खरे. मार्च २०२१ मध्ये जपानने त्याला १४-० असे नमवले, तेही मंगोलियाचा यजमान सामना महामारीमुळे जपानमध्येच खेळवला गेला तेव्हा. जून २०२३ मध्ये भुवनेश्वर येथे भारताने त्याला २-० ने हरवले. पण २०१९ मध्ये ब्रुनेईला दोन सामन्यांत मिळून ३-२ असे मागे टाकून तो विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत प्रथमच पोचला, हेही तितकेच खरे. १९९८ मध्ये फिफाचा सदस्य झालेल्या देशाने एवढी मजल अल्प साधनांत मारली. ती मजल ज्या साखळीतून घडलेल्या मुलांनी मारली, तिला मे ते सप्टेंबर हे पाचही महिने पूर्ण खेळायला मिळाले पाहिजेत.

महासंघाला एकच वेळापत्रक हवे असेल तर त्याची किंमतही त्याने द्यावी: उलानबातरमध्ये आच्छादित मैदाने, एर्देनेत व खोव्द यांसारख्या दूरच्या शहरांत कृत्रिम हिरवळ आणि तेथील संघांच्या प्रवासाचा खर्च. ते जमणार नसेल, तर अतिशीत प्रदेशांतील सदस्यांना आपला हंगाम आपल्या उन्हाळ्यात खेळून आशियाई स्पर्धेसाठी मागील विजेता पाठवण्याची मुभा असावी आणि त्यात कोणतीही उणीव मानली जाऊ नये.