इसब, पथ्य आणि आईच्या माथी मारलेला दोष

तान्ह्या मुलाच्या गालांवर लाल चट्टे उठले, कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कातडी खरखरीत होऊन रात्ररात्र खाज सुटू लागली, की उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी घरातली वडीलधारी मंडळी दोन निकाल झटपट देऊन मोकळी होतात. ‘हे घराण्यातच आहे’ हा एक आणि ‘बाळंतिणीने पथ्य पाळले नाही’ हा दुसरा. पहिल्या निकालाने उपचाराची उमेदच संपते. दुसऱ्याने आधी आईच्या आणि मग मुलाच्या ताटातून दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ असे एकेक अन्न उठू लागते. या निकालांत तथ्य किती, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अनुवंशाचा वाटा नाकारता येत नाही. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या एका पाहणीत, एकबीज जुळ्यांपैकी एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर दुसऱ्यालाही ती असण्याचे प्रमाण सुमारे ६४ टक्के आढळले. द्विबीज जुळ्यांत ते अवघे ७ टक्के होते. पुढे २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे जनुक आणि इसब यांचा संबंध दाखवून दिला. हे प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट राखते आणि तिच्यात ओलावा धरून ठेवते. ते कमी पडले की कातडी कोरडी पडते आणि तडकते. परंतु हा दोष असलेल्या सर्वांनाच इसब होत नाही, आणि इसब झालेल्या पुष्कळांत हा दोष नसतो. एकबीज जुळ्यांतही ते प्रमाण शंभर टक्के नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

परिस्थितीचा हात केवढा मोठा असतो, हे मेलबर्नच्या तान्ह्या मुलांच्या पाहणीवरून दिसते. तिच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पूर्व आशियातून आलेल्या आईबापांच्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आईबापांच्या मुलांपेक्षा सुमारे तिप्पट होती; आणि त्या परदेशी आईबापांना स्वतःला मात्र असले विकार तेथील लोकांपेक्षा कमीच होते. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. बदलतात ते हवा, ऊन, अन्न आणि घर. २०१६ साली अमेरिकेतील दोन शेतकरी जमातींचा असाच अभ्यास झाला. दोन्हींचा वंश जवळचा. पण आमिश लोक घरालगत गाईघोडे बाळगून जुन्या पद्धतीने शेती करणारे, तर हटराइट मोठी यांत्रिक शेती करणारे. पहिल्यांच्या मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, दुसऱ्यांच्या मुलांत २१ टक्के. देवणी गाईच्या मुलखातील वाचकाला हे सुखावेल. पण म्हणून मुलाच्या अंगाला शेण फासावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

पथ्याच्या प्रश्नावर तर शास्त्रालाच आपला शब्द मागे घ्यावा लागला. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००० साली दिला आणि २००८ साली तो सोडून दिला. २०१५ साली लंडनच्या गिडिऑन लॅक यांनी ६४० मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ही मुले प्रारंभी चार ते अकरा महिन्यांची होती. ज्यांना शेंगदाणा वर्ज्य केला, त्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. ज्यांना तो नियमाने दिला, त्यांच्यात ते प्रमाण ३ टक्के होते. आमच्या घरांत वरणभाताबरोबर शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी लेकराच्या तोंडी लवकर लागते. ती रीत अडाणीपणाची समजून शिकलेल्या घरांनी टाकून द्यावी, असे आता कोणीही म्हणू शकणार नाही.

मात्र आपल्या सगळ्याच रीती निर्दोष आहेत, असेही नाही. अन्न पोटातून गेले तर शरीर त्याला ओळखीचे मानते आणि फाटलेल्या कातडीतून शिरले तर शत्रू समजते, असे मत लॅक यांनी मांडले आहे. शेंगदाणा तेल असलेली मलमे सुजलेल्या कातडीला लावण्याचा शेंगदाण्याच्या ॲलर्जीशी संबंध असल्याचे त्यांच्या पाहणीत २००३ साली दिसले होते. आमच्याकडे बाळाला डाळीचे पीठ व साय चोळून न्हाऊ घालतात, आणि हरभऱ्याची ॲलर्जी भारतात आढळते. तेव्हा इसब झालेल्या अंगावर पीठ, साय किंवा शेंगतेल चोळू नये, एवढी सावधगिरी शहाणपणाची ठरेल.

येथे कोणी विचारील, रक्ततपासणीत दोष निघाला तरी अन्न चालू ठेवायचे काय? शेजारच्या कर्नाटकात बंगळूर-म्हैसूरच्या प्रौढांची जी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असलेले लोक २६ टक्क्यांहून अधिक निघाले. पण खरी ॲलर्जी असण्याचा संभव जेमतेम १.२ टक्के लोकांत दिसला. तपासणीचा कागद म्हणजे निदान नव्हे. ते अन्न खाल्ल्यावर काय होते, हे विचारणारा डॉक्टरच निदान करू शकतो. ओठ सुजणे, धाप लागणे, वारंवार उलट्या होणे असे काही खाल्ल्यावर लगेच घडले तर मूल तत्काळ रुग्णालयात नेलेच पाहिजे. तीव्र इसबाच्या मुलाला शेंगदाणा प्रथम देण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे, आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच देऊ नये, कारण तो घशात अडकतो. पण केवळ खाज सुटते म्हणून दूध-डाळ तोडणे, तेही कुपोषण अद्याप न हटलेल्या मुलखात, हा उपचार नव्हे. ती उपासमार होय.

इसबाचा खरा उपचार साधा आणि चिकाटीचा आहे: कोमट पाणी, सौम्य साबण, दिवसातून दोनतीनदा मलम लावून कातडी ओलसर राखणे आणि गरजेपुरते डॉक्टरांनी दिलेले औषध. स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीविना विकण्यावर केंद्र सरकारने २०१८ साली निर्बंध घातले. तरी शेजाऱ्याने सुचवलेली ट्यूब आणून लावण्याची खोड सुटलेली नाही. अंगणवाडीच्या ताईंना, आरोग्यसेविकांना आणि शिक्षकांना एवढे ज्ञान दिले तरी पुष्कळ काम होईल.

जनुके आई आणि बाप दोघेही देतात, आणि भोवतालची परिस्थिती तर साऱ्या समाजाची असते. असे असता दोष मात्र एकट्या आईच्या ताटात शोधायचा, ही रीत शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही नाही. मुलाच्या अंगावरचा चट्टा आज ना उद्या बरा होईल. आईच्या माथ्यावरचा हा डाग पुसणे आपल्या हाती आहे.