पोरांच्या हाती झेंडूचे बी द्या



या पानावर आम्ही नेहमी लागणीचे अंतर, खतांचे हप्ते, खोडव्यातील पाचट, बेणेबदल असलेच लिहीत आलो आहोत. या खेपेला फुलांवर लिहिणार आहोत. गेल्या महिन्यात एका गटाच्या मेळाव्यात हा विषय काढला तेव्हा मागच्या रांगेतून एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, टनेज कसं वाढंल ते सांगा की. फुलं काय, बायकापोरं बघत्यात." मंडळी हसली, आम्हीही हसलो. पण परत येताना वाटले की मामांनी नकळत नेमका मुद्दाच बोलून दाखवला. पोरे बघतात, म्हणूनच लिहायचे आहे.

आधी एक जुनी आठवण सांगतो. २००२ साली आपल्याकडे उसावर लोकरी मावा आला. पानाच्या मागच्या अंगाला पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी. आम्ही तेव्हा कृषी पदविका घेऊन नुकतेच कामाला लागलो होतो. सभासदांच्या तोंडचे पाणी पळालेले, आणि दहा-बारा फुटी आडसालीत पंप घेऊन शिरायचे तरी कसे! अशात एक शेतकरी पान घेऊन आले. म्हणाले, "आता माव्यावर अळीबी पडली. हिला कंचं औषध?" ती अळी डिफा नावाच्या पतंगाची होती. ती ऊस खात नव्हती, मावा खात होती. तशीच दुसरी मायक्रोमस नावाच्या किडीची. पुढे याच मित्रकिडी असलेली पाने एका प्लॉटातून दुसऱ्या प्लॉटात नेऊन बांधली आणि माव्याचा जोर मोडला. पण सुरुवातीला कित्येकांनी त्या अळ्याच औषध मारून मारल्या. खोटे कशाला बोला, पहिल्या आठवड्यात आम्हालाही त्या ओळखता आल्या नव्हत्या. पुस्तकात चित्र पाहिले होते, पानावर पाहिले नव्हते.

पीक पाहणे आणि पिकात काय चालले आहे ते पाहणे यात फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारची नजर चाळिशीत मेळावा भरवून येत नाही. आम्ही वीसएक वर्षे मेळावे भरवीत आहोत, म्हणून अनुभवाने सांगतो. ती लहानपणीच यावी लागते.

कोणी म्हणेल, मग पोराला उसातच न्या की. न्यावे जरूर, पण उसावर शिकवायला सुरुवात होत नाही. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात असतो. दुसरीतले पोर लागण पाहील तर तोड पाहीपर्यंत तिसरीत गेलेले असेल. शिवाय पाने कापतात, आत शिरले की पोर दिसत नाही. आणि ऊस आपण लावतो तो डोळ्यापासून, बियांपासून नव्हे. तुरा आला तर बाप कपाळाला हात लावतो, कारण तुरा आला की कांडीची वाढ थांबते आणि पुढे पांगशा फुटू लागतात. म्हणजे आपल्या घरचे पोर असे वाढते की त्याच्या दृष्टीने फूल येणे हीच पिकाची खोड! बी पेरले, रोप झाले, फूल आले, पुन्हा बी झाले, हा सगळा फेरा त्याला पाहायलाच मिळत नाही.

झेंडू हा फेरा एका सत्रात दाखवतो. शाळा जूनच्या मध्याला उघडते. तेव्हा बी टाकले तर चार ते सात दिवसांत वर येते. तीन-चार आठवड्यांनी रोप हलवायचे, आणि साधारण दोन महिन्यांत फूल. दसऱ्याला तोरण होते, दिवाळीच्या सुट्टीआधी वाळलेल्या फुलातून बी हाती येते. शाळेच्या वेळापत्रकात इतके चपखल बसणारे दुसरे पीक आम्हाला तरी माहीत नाही.

बी विकत आणायला नको. गेल्या वर्षीचे झाडावर पूर्ण वाळलेले फूल चुरगळले की काळ्या बारीक काड्या आणि त्यांना टोकाला पांढुरके तूस, तेच बी. तोरणातले फूल घेतले तर त्यातले पुष्कळसे उगवत नाही, कारण ते पिकण्याआधीच तोडलेले असते. पण हे पोराला आधी सांगू नका. झाडावर वाळलेल्या फुलाच्या वीस बिया एका ओळीत आणि तोरणातल्या वीस बिया दुसऱ्या ओळीत टाकायला सांगा, आणि रोज उगवलेल्या मोजायला लावा. उगवणशक्ती म्हणजे काय यावर आम्ही मेळाव्यात अर्धा तास बोलतो. पोराला ते आठ दिवसांत कळते आणि जन्मभर लक्षात राहते.

फूल आले की एक फूल उघडून बघा. झेंडूचे एक फूल हे खरे तर एक फूल नव्हेच, पुष्कळ बारीक फुलांचा तो गुच्छ आहे. प्रत्येकाच्या बुडाशी एक होऊ घातलेले बी. सूर्यफुलाचेही तसेच. आम्ही एकदा एका वस्तीवरच्या पोरांना हे दाखवले. त्यांनी एका झेंडूतली फुले मोजायला घेतली आणि अंधार पडला तरी उठेनात. एकीच्या आईने शेवटी येऊन विचारले, "साहेब, ह्ये कंचं सर्वेक्षण चाललंय?"

गुलबाक्षी तर कोणाच्याही न्हाणीजवळ आपोआप येते. मिऱ्यासारखे काळे बी. दुपार कलली की फुले उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिटून जातात. रात्री कंदील घेऊन गेले तर लांब सोंडेचे पतंग त्यावर तरंगताना दिसतात. दिवसाच्या पाहुण्यांसाठी एक फूल, रात्रीच्यासाठी दुसरे, ही वाटणी पोर डोळ्यांनी पाहते. याच झाडावर कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने काम केले आणि पानांवरच्या पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा गुण केवळ आईझाडाकडून येतो, हे १९०९ साली दाखवले. आपण जिच्यावर चूळ भरतो त्या झाडाने एवढे शास्त्र शिकवले आहे.

इथून बेण्याकडे यायला एकच पाऊल. झेंडूच्या एका फुलाच्या बियांतून आलेली झाडे सारखी निघत नाहीत. कोणी उंच, कोणी बुटके, एखाद्याचा रंगच वेगळा. उसाच्या एका डोळ्यातून मात्र तोच ऊस येतो, गुणांसकट आणि रोगांसकट. चाबूक काणी आणि गवताळ वाढ बेण्यातून पुढच्या लागणीत जातात ती यामुळेच. नवी जात काढायची तर उसालाही बीच लागते. म्हणून कोईमतूरच्या संशोधन केंद्रात तुऱ्यांचा संकर करतात. जे पोर झेंडू आणि ऊस यांतला हा फरक दहाव्या वर्षी समजले, त्याला मोठेपणी 'बेणे बदला' म्हणून आमच्यासारख्याने उंबरे झिजवायला नकोत.

पाण्याचे तर विचारूच नका. पोराला कुंडी दिली की ते प्रेमाने दिवसातून चार वेळा पाणी ओतते. आठ दिवसांत पाने पिवळी, पंधरा दिवसांत रोप आडवे. उपटून बघावे तर मुळे कुजलेली. पोर रडते. त्याला रडू द्यावे, नवे रोप द्यावे आणि बोट मातीत खुपसून ओल बघायला शिकवावे. आमच्या माहितीतल्या एका घरी हा धडा शिकलेली मुलगी बापाला म्हणाली, "आपल्या उसात बोट घालून बघितलं का?" बापाने आम्हाला हे हसत सांगितले. आम्ही हसलो नाही. पाटपाण्याने आपल्या नदीकाठच्या किती चांगल्या जमिनी खारवट-चोपण झाल्या ते सभासदांना ठाऊक आहे.

किडीचेही असेच. मागच्या हिवाळ्यात एका घरच्या शेवंतीवर काळा मावा पडला. सातवीतला मुलगा पळत आला, "सर, औषध मारू का?" बापाकडून हेच ऐकलेले. म्हटले, मारू नको, रोज सकाळी पाहा आणि वहीत लिही. चार दिवसांनी वहीत आले : 'एक काळी, अंगावर केशरी ठिपके असलेली, मगरीसारखी अळी दिसली. मावा खात आहे.' ती ढालकिड्याची अळी. मोठा ढालकिडा गोल, लाल, गोजिरा, तो सगळ्यांना आवडतो. त्याचे हे पोर मात्र कुरूप असते आणि ओळख नसल्याने चिरडले जाते. मुलगा ती अळी रोज मोजू लागला. वीस वर्षांपूर्वीचे ते डिफाचे पान आम्हाला आठवले.

आता आमची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेला फुललेल्या कुंड्या दिल्या. नारळ फुटला, फोटो निघाले, भाषण आम्हीच ठोकले. मे महिन्यात सहज गेलो तर सगळ्या कुंड्या वाळून खडखडीत. गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "सुट्टीत पाणी कोण घालणार साहेब?" बरोबरच होते. शिवाय तयार फूल पोराच्या हाती देऊन त्याने करायचे काय? बघायचे आणि 'हात लावू नका' ही पाटी वाचायची! तेव्हापासून आम्ही झाड देत नाही, बी देतो. आणि शाळांना एक विनंती : बागेतले तण काढणे ही शिक्षा म्हणून देऊ नये. ज्या पोराने शिक्षा म्हणून खुरपे धरले, ते पुढे मातीला मनापासून हात लावील ही आशा व्यर्थ आहे.

हे काही आम्ही काढलेले खूळ नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांना शिकवले ते पाने, फुले, बिया, खडे हीच साधने करून. पैसा नव्हता हे एक कारण, पण ते एकच नव्हे. जे पोराच्या भोवती आहे त्यातूनच ते शिकते, हे त्या दोघींनी जाणले होते. आपल्या मुलांच्या भोवती तर अख्खी शेती आहे, आणि आपण त्यांना म्हणतो, रानात येऊ नकोस, अभ्यास कर.

काही गोष्टींत मात्र जपावे. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यांच्या कुंड्या करण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. धुतला तरी तो डबा पोराच्या हाती नको. फुटका माठ, नारळाची करवंटी, डालड्याचा जुना डबा काही चालेल. कण्हेर आणि बिट्टी दिसायला सुंदर, पण विषारी. लहान मुलांच्या बागेत नकोत. आणि प्रत्येक देखणे फूल भलेच असते असेही नाही. घाणेरी आणि जलपर्णी ही दोन्ही परदेशांतून फुलांच्या हौसेनेच आपल्या देशात आली. आज एकीने डोंगर व्यापले, दुसरीने नद्या. हेही पोरांना दाखवावे, नदी काही लांब नाही.

राहता राहिला मामांचा टनेजचा प्रश्न. झेंडू लावून उसाचे टन वाढत नाहीत. टोमॅटोवाले सभासद कडेने झेंडू लावतात, कारण फळ पोखरणारी अळी त्याकडे ओढली जाते, आणि झेंडूच्या मुळांनी जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात, एवढा रोख फायदा सांगता येईल. पण आम्ही हे त्यासाठी लिहीत नाही. मेळाव्यात आता पांढऱ्या केसांची माणसेच दिसतात. ज्यांच्या नावावर उद्या हे शेअर्स आणि हा सातबारा चढणार आहे त्यांना बांध कुठे संपतो हे माहीत नाही. त्यांनी नोकरी करू नये असे आम्ही म्हणत नाही, खुशाल करावी. पण जमीन विकायची की राखायची हे एक दिवस तेच ठरवणार आहेत, आणि जे कधी पाहिलेच नाही ते माणूस किमतीत मोजतो.

आणखी एक. हंगामात तोडणीवाल्यांची मुले आपल्या शिवारात चार-पाच महिने राहतात. गेल्या हंगामात तळावरच्या मुलांनी नोव्हेंबरात कोपीच्या बाजूला झेंडू टाकला. थंडीत जरा उशीर लागला, पण जानेवारीच्या अखेरीस फुले आली. गाड्या परत निघाल्या तेव्हा एका मुलीने वाळलेली फुले ओढणीच्या टोकाला बांधून नेली. गावी विहिरीला पाणी असेल तर लावीन म्हणाली. आपल्या मुलांबरोबर त्यांनाही पुड्या मिळाव्यात असे आम्ही ठरवले आहे.

रोपवाटिकेत एक डोळा रोपांचे जुने ट्रे पडून आहेत, ते शाळांना देता येतील. झेंडू, गुलबाक्षी, तेरडा आणि गोकर्ण यांच्या बियांच्या पुड्या जूनच्या पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक गट कार्यालयात ठेवू. पैसे नाहीत. अट एकच : पुडी न्यायला पोराने स्वतः यावे, बापाने नव्हे. आणि दिवाळीत जमेल तेवढे बी परत आणून द्यावे.