जुना दोस्त, रोखठोक हिशेब

सप्टेंबर २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या फ्रेंच वकिलातीत मेजवानीची तयारी झाली होती. निमित्त होते चेसापीकच्या सागरी लढाईला २४० वर्षे झाल्याचे. त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाने फ्रान्सशी केलेला बारा पाणबुड्यांचा करार मोडून अमेरिका आणि ब्रिटनबरोबर ‘ऑकस’ या संरक्षण आघाडीची मोट बांधली. मेजवानी रद्द झाली. पाठोपाठ फ्रान्सने अमेरिकेतला आपला राजदूतही माघारी बोलावला. असे याआधी कधीच झाले नव्हते.

‘आमचा सर्वांत जुना मित्र’ हे शब्द अमेरिकी अध्यक्षांच्या तोंडी नेहमीचे. पण जुनी कागदपत्रे चाळली तर मैत्रीपेक्षा व्यवहारच जास्त दिसतो.

६ फेब्रुवारी १७७८ रोजी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी पॅरिसमध्ये युतीचा तह झाला, तो फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईला प्रजासत्ताकाचा पुळका आला म्हणून नव्हे. सात वर्षांच्या युद्धात इंग्रजांनी फ्रान्सकडून कॅनडा हिसकावला होता, त्याचे उट्टे काढायचे होते. याच सुमारास सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणविसांना फ्रेंच फौजेची आशा दाखवत होता आणि कंपनी सरकार त्याने धास्तावले होते. पुण्याला ती फौज कधी दिसली नाही. अमेरिकेला मिळाली.

आणि कशी मिळाली! ५ सप्टेंबर १७८१ रोजी फ्रेंच नौसेनापती द ग्रासच्या २४ युद्धनौकांनी चेसापीक उपसागराच्या तोंडाशी इंग्रजांच्या १९ नौकांना रोखले. यॉर्कटाउनमध्ये अडकलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची समुद्राकडची वाट बंद झाली. वॉशिंग्टनच्या शिपायांचा थकलेला पगारही फ्रेंच सेनापती रोशाम्बोच्या तिजोरीतून भागला. १९ ऑक्टोबरला शरणागतीच्या वेळी कॉर्नवॉलिसने आजारपण पुढे करून जनरल ओहाराला पाठवले. तो थेट रोशाम्बोकडे वळला. रोशाम्बोने त्याला वॉशिंग्टनकडे जायला खुणावले. आपण नेमके कोणामुळे हरलो, हे ओहाराला कळले असावे. (हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला आणि हरिपंत फडक्यांच्या फौजेला सोबत घेऊन टिपूवर चालून गेला.)

परतफेड कशी झाली? नोव्हेंबर १७८२मध्ये अमेरिकी वकिलांनी फ्रान्सला न विचारता इंग्रजांशी तहाचा मसुदा उरकला. १७७८च्या तहात याला स्पष्ट मनाई होती. फ्रँकलिन यांनी परराष्ट्रमंत्री व्हर्जेन यांची गोड शब्दांत समजूत काढली आणि वर साठ लाख लिव्रांचे नवे कर्जही पदरात पाडून घेतले! १७९८पासून तर दोन्ही नौदले एकमेकांवर तोफा डागत होती. १८००मध्ये १७७८चा तह गुंडाळला गेला. त्यानंतर उभयतांची औपचारिक लष्करी युती झाली ती थेट १९४९च्या ‘नाटो’त.

१९१७ आणि १९४४मध्ये अमेरिकी सैनिक फ्रान्ससाठी मेले, हे कोणी नाकारू नये. नॉर्मंडीतल्या एकट्या कोलव्हिलच्या दफनभूमीत नऊ हजारांहून अधिक कबरी आहेत. तरीही त्याच १९४४मध्ये अमेरिकेने फ्रान्ससाठी परस्पर नोटा छापून आणल्या होत्या. फ्रेंच नेते द गॉल यांनी त्या खोट्या ठरवल्या. १९५६मध्ये सुएझमधून आयझेनहॉवर यांनी ब्रिटन आणि फ्रान्सला माघार घ्यायला लावली. लंडनने त्यातून वॉशिंग्टनला धरून राहण्याचा धडा घेतला, पॅरिसने नेमका उलटा. १९६०मध्ये सहारात फ्रेंच अणुबाँब फुटला आणि १९६६मध्ये द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून अंग काढून घेत परकी सैन्याला देश सोडायला सांगितले. कबरीतले सैनिकही न्यायचे का, असा बोचरा सवाल अमेरिकी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी केला. सवाल बिनतोड होता, पण द गॉल बधले नाहीत, आणि ते योग्यच झाले.

मार्च २०२५मधल्या एका भाषणात फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी फ्रेंच अण्वस्त्रांचे संरक्षण युरोपातल्या मित्रांना देण्याविषयी चर्चा सुरू केली. द गॉल यांना हेकेखोर म्हणणारे शेजारी आता कान देऊन ऐकत आहेत. मात्र अण्वस्त्रांबाबतचा अखेरचा निर्णय फ्रान्सच्या अध्यक्षांचाच राहील, हेही मॅक्रॉन यांनी त्याच भाषणात बजावले.