पाकिटावरचे तिकीट

ज्या गावात १९२६ पासून देशाची टपाल तिकिटे छापली जात आहेत, तेथील नागरिकांकडून तिकिटांविषयी थोड्या अधिक डोळसपणाची अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरू नये. परंतु परवा एका विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने आणून दाखविलेला तिकिटांचा डबा पाहून खेद वाटला. आजोबांना आलेली पत्रे माळ्यावर सापडली. त्यांवरील तिकिटे पाण्यात भिजवून सोडविली, वाळविली आणि पाकिटे रद्दीत घातली! त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. छंदाची ही रीत आम्हा शिक्षकांनीच शिकविली आहे.

त्या डब्यात कुटुंबनियोजनाचे पाच पैशांचे एक तिकीट होते व त्यावर रबरी शिक्क्याने उमटविलेली 'रेफ्युजी रिलीफ' ही अक्षरे. पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार पेलण्यासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा अधिभार बसविला. नवे तिकीट निघेपर्यंत प्रचलित तिकिटावरच ही अक्षरे छापण्यात आली. काही ठिकाणी तर रबरी शिक्क्यावरच भागविण्यात आले. आता असा शिक्का कोणीही करवून घेऊ शकतो. त्यामुळे सुटे तिकीट अस्सल की बनावट, हे छातीठोकपणे सांगणे कठीण. तेच पाकिटावर असते तर तिकिटावरून कागदावर उतरलेला टपालाचा शिक्का, त्यातील गाव व तारीख, शेजारचे मूळ दराचे तिकीट ही सारी एकमेकांची साक्ष देतात. बाजारात अशा पाकिटाला अधिक मोल येते ते या साक्षीमुळे. (पाकिटेही बनावट निघतात, पण ते काम पुष्कळ अवघड.) अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तर ते भावाहून मोलाचे वाटावे. संकटकाळात साध्या घरगुती पत्रावरही कर कसा वसूल झाला, याचे ते दप्तरच होय.

अशा पाकिटांचा पुरवठा वाढणे नाही. रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवाही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत जुनी पत्रे हाती लागली, तर पत्र पाकिटातच राहू द्यावे, चिकटपट्टी लावू नये, तिकीट कापूनही घेऊ नये. त्या विद्यार्थ्याच्या माळ्यावर आणखी एक ट्रंक आहे म्हणतात. येत्या रविवारी ती आम्ही दोघे मिळून उघडणार आहोत, पाण्याचे भांडे दूर ठेवून.