जुनी रिळे

मावळातील उर्से गावी पावसाळ्यात भातखाचरे तुडुंब भरतात. पिकाला जीवन देणारी हीच दमट हवा ट्रंकेतील जुन्या पोथ्यांवर मात्र बुरशी चढविते. उर्से गावाहून पुणे फार लांब नाही. तेथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला याच दमटपणाशी झुंजावे लागते. कारण सिनेमाची फीत पोथीहूनही नाजूक असते.

मूकपटांची फीत नायट्रेटची असे. जुनी झाली की ती चिकट होते, पुढे तिची भुकटी होते. आणि एकदा पेटली की पाण्यातदेखील विझत नाही! तिच्यावरील लेपात चांदी असते. 1931 साली 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला, मूकपटांना कोणी विचारीनासे झाले आणि या चांदीसाठी कित्येक रिळे विकली गेली. विकणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु जत्रा संपल्यावर पताका कोण जपून ठेवतो? त्यांना ती रिळे तशीच वाटली असावीत.

हानी मात्र मोठी झाली. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले फारच थोडे उरले. 1925 साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. पडद्यावर देवादिकांच्या कथा रंगत होत्या, त्या दिवसांत त्यांनी सावकाराने नागविलेला शेतकरी दाखविला. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. शेतकऱ्यांच्या मुलांना त्यात आपल्याच पणजोबांची कहाणी दिसली असती; आता तिचे वर्णन तेवढे वाचावे.

मोडक्यातोडक्या तुकड्यांवर पैसा कशाला खर्चावा, असे काही जण विचारतात. शिवकालीन पत्राचा फाटका तुकडा सापडला तर तो कोणी फेकून देत नाही. मग फितीचाच तुकडा का फेकावा? पुण्याचे संग्रहालय 1964 साली स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळे गोळा केली. नाशिकला फाळके कुटुंबाकडेही ते गेले. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिले व शेवटचे अशी दोनच रिळे आज आहेत. तीही 1913 सालची नसून 1917 सालच्या नव्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक म्हणतात. हरवलेले कधी परदेशातही सापडते. 1919 सालच्या 'बिल्वमंगल'चा काही भाग 2016 साली फ्रान्सहून पुण्यास आला.

त्याच 1919 सालचा 'कालिया मर्दन' बराचसा शाबूत आहे. त्यात फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आरंभी ती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणून दाखविते. शंभर वर्षे उलटून गेली, तरी ती मुलगी अजून तितकीच लहान आहे.