भट्टीचा धूर आणि पुराव्याची सबब

ओतशाळेतील धुराने कर्करोग होतो काय, असे विचारले की कारखानदार मंडळींकडून एक ठरीव उत्तर येते : 'अद्याप सिद्ध झालेले नाही.' हे उत्तर निमूट ऐकून घेण्याचा काळ केव्हाच मागे पडला, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लोखंड व पोलाद ओतण्याच्या व्यवसायाचा 1984 साली परामर्श घेतला आणि 1987 साली तो पहिल्या वर्गात, म्हणजे ज्याने माणसास कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे अशा वर्गात घातला. त्याच वर्गात 1997 साली सिलिकाची धूळ आली, 2017 साली वेल्डिंगचा धूर आला. हा वर्ग पुराव्याचे बळ सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही, हे मान्य. पण 'सिद्ध नाही' म्हणावयास त्याने जागा ठेवलेली नाही.

मग परीक्षा कसली उरली? साच्याच्या वाळूत कोळशाची पूड मिसळतात, कोअर बांधण्यास राळ वापरतात. त्यावर सुमारे 1400 अंशांचा रस पडला की ही द्रव्ये अर्धवट जळतात आणि धुरात बेंझोपायरीनसारखी संयुगे उतरतात. लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा कर्करोग पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने 1775 साली काजळीशी जोडला. टोकियोत ससाच्या कानाला डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करण्यास 1915 साल उजाडले, आणि डांबरातून हे बेंझोपायरीन वेगळे निघाले ते 1933 साली. प्रयोगशाळेच्या दाखल्यावाचून काही करावयाचेच नाही असे म्हणणाऱ्यांनी ही दीडशे वर्षे मोजून पाहावीत.

आज परीक्षा इतकी अवघड नाही. कामगाराच्या गळपट्टीला लहानसा पंप व गाळणी लावावी, पाळीभर त्याच्या श्वासाजवळची हवा त्यातून ओढावी. गाळणीवरचा अर्क विशिष्ट जिवाणूंना देऊन त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात बदल होतो काय ते पाहावे. एम्स यांनी 1970च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि काही दिवसांत उत्तर देते. कामगाराच्या लघवीतील हायड्रॉक्सीपायरीन मोजले तर विष शरीरात किती शिरले त्याचा अंदाज येतो. जिवाणू बदलला म्हणजे माणसाला कर्करोग झाला असे नव्हे. परंतु कोणत्या खात्यात धूर अधिक घातक, पंखा बसविल्यावर किती उतरला, एवढे त्यातून निश्चित कळते. मालकाला खरोखर शहानिशा हवी असेल तर त्याने येथून आरंभ करावा.

खरी अडचण माणसांच्या हिशेबाची आहे. हा रोग उमटावयास वीस-तीस वर्षे लागतात. सुरतेच्या पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तेथील एखादा गडी चार वर्षे ओतकामावर, सहा वर्षे वेल्डिंगवर, पुढे लूमवर असा फिरतो. खोकला धरला की आखाजीला गावी जातो, तो परत येत नाही. सुरतेच्या कोणत्या वहीत त्याचा रोग लिहिला जाणार? आणि गावच्या डॉक्टरला त्याची भट्टी कशी कळणार? कोल्हापूर, बेळगाव, राजकोट या ओतकामाच्या मोठ्या केंद्रांतही ठेकेदाराच्या माणसाची गत निराळी नसते. जो टिकला तोच कामावर दिसतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून 'आमचे कामगार ठणठणीत आहेत' असे सांगण्यात येते!

कायदा याबाबत मुका नव्हता. भोपाळनंतर, 1987 साली कारखाना अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने ओतशाळांना धोकादायक प्रक्रियांच्या यादीत बसविले. अशा कामावरील माणसाची दर वर्षी वैद्यकीय तपासणी व तिची नोंद मालकावर बंधनकारक झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी कामगार संहिता लागू झाली असून, विजेवर चालणारा कारखाना म्हणजे वीस वा अधिक कामगारांचा, अशी तिची व्याख्या आहे. बारा-पंधरा माणसांची भट्टी या रेषेखाली राहते. जीवितास धोका असलेले काम केंद्राने अधिसूचित केले तर संख्येची अट आड येत नाही, अशी तरतूद त्याच संहितेत आहे. ओतकाम व घासकाम या अधिसूचनेत संख्येचा विचार न करता आले पाहिजे. कारखाने बंद पाडा असे आम्ही म्हणत नाही. त्या भट्ट्यांवर हजारो चुली पेटतात. रस ओततात तेथे धूर ओढून घेणारी नळी व घासकामाला पाणी यांचा खर्च कास्टिंगच्या दरात सामावण्याजोगा आहे.

अहमदाबादेत राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. खंबायतेच्या अकीक घासणाऱ्यांच्या छातीत भरलेल्या धुळीचा अभ्यास तिनेच केला. गुजरात व महाराष्ट्र सरकारांनी मिळून तिच्याकडे हे काम सोपवावे आणि कामगाराच्या तपासणीची एक प्रत त्याच्याच हाती द्यावी, म्हणजे तो धुळ्या-जळगावास परतला तरी कागद त्याच्याबरोबर जाईल. छातीच्या रुग्णाला विडी-तंबाखूबद्दल विचारले जातेच. कोणत्या भट्टीवर किती वर्षे होतास, एवढी एक ओळ सरकारी रुग्णालयांच्या केसपेपरवर छापून घेण्यास नव्या कायद्याचीही गरज नाही.